पाण्याची बट

थेंब बसून राहिला होता.

खराब झालेल्या केसावर पाण्याचा थेंब असा बसत नाही. ब्लीच करून करून ज्याची सालं निघालीत तो केस तहानलेला असतो. थेंब टेकवला रे टेकवला की गटकन पिऊन मोकळा होतो. चांगला कंडिशनर लावलेला असेल तर थेंब जरा रेंगाळतो, पायात चपला चढवूनही दारात गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखा, आणि मग जातो. हा गेला नाही. बटेवर गोल, टपोरा, मांडी घालून बसला. फौजदार त्याच्याकडे बघत राहिली. थेंबही आपल्याकडे बघतोय असं तिचं स्पष्ट मत झालं.

संशय आला की लोक म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय. इथे ते मुरत नव्हतं, आणि सगळा संशय त्याचाच होता.

फौजदार हे तिचं नाव नव्हे, आणि तिच्या सात पिढ्यांत कुणी पोलिसात नव्हतं. हे नाव भाऊजींनी, म्हणजे तिच्या ताईच्या नवऱ्यानं ठेवलेलं. कारण ही बाई दुधाची पिशवी फोडण्याआधी हुंगायची, पावाची तारीख दोनदा वाचायची आणि वाढदिवसाची भेट उघडण्याआधी कानाशी धरून हलवायची. आधी ती एका मोठ्या कंपनीत होती. तिथे बाटलीवर एक लिहिलेलं असायचं आणि बाटलीत दुसरंच असायचं, आणि खाली सही मात्र हिची. एक दिवस तिनं पेनाला टोपण लावलं, पेन खिशात घातलं आणि घरी आली. ताई त्या वेळी घरच्या शेगडीवर जवस उकळून केसांना लावायची चिकट लापशी ढवळत होती. तेव्हापासून दोघी बहिणी आणि भाऊजी मिळून एका जुन्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात कंडिशनर बनवत होते. भिंतीवर ‘हवा भरून मिळेल’ अजून होतं. भाऊजी म्हणायचे, राहू दे, आपणही तेच करतो.

पुढच्या खोलीत स्टीलचा मोठा टब, ढवळायची मोटर आणि ताई. मागच्या खोलीत सिंक, एक दांडी, दांडीला चिमट्यांनी टांगलेल्या केसांच्या बटा आणि फौजदार. बटा सगळ्या पेंढ्याच्या रंगाच्या. मुद्दाम ब्लीच करून, उकडून, रगडून त्यांचा जीव नकोसा केलेला. जगात केसांचं वाटोळं सगळेच करतात, इथे ते पद्धतशीर व्हायचं.

ताईचा नियम एकच होता. जे केसात जातं ते सिंकमध्ये जातं, आणि जे सिंकमध्ये जातं ते मागच्या तळ्यात जातं. म्हणून टबात फक्त जवसाचा गर, ओटमधलं प्रथिन आणि मोहरीच्या तेलापासून केलेले मेणचट दाणे, जे पाण्यात गेले की जिवाणू आनंदानं खाऊन टाकतात. सिलिकॉन नाही म्हणजे नाही. सिलिकॉन केसाला रेनकोट घालतं, केस आतून मोडका आणि बाहेरून नवरदेव. शिवाय धुतलं की पाण्यात जाऊन बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. सिंकचं पाणी तळ्यात जाण्याआधी परसातल्या एका टाकीतून जायचं. त्या टाकीत ताईनं गोगलगायी पाळल्या होत्या. गोगलगायी खुशाल असल्या तर माल खुशाल, असा तिचा हिशेब. फौजदारचा गोगलगायींवरही फारसा विश्वास नव्हता. ज्यांचा चेहराच दिसत नाही त्यांची खुशाली कशी कळणार?

तिनं बट पुन्हा ओली केली, चिमट्याला टांगली, मोजायचा काटा लावलेला कंगवा मघासारखाच वरून खाली ओढला. कंगवा किती अडतो ते काटा दाखवायचा. आज काटा हललाच नाही. कंगवा लोण्यातून गेल्यासारखा गेला.

“आपला माल इतका चांगला नाही,” ती मोठ्यानं म्हणाली.

“काय गं?” बाहेरून ताई.

“म्हटलं, माल फारच चांगला झालाय.”

“मग आवाज असा का, कुणी गेल्यासारखा?”

“म्हणूनच.”

ताई पदराला हात पुसत आत आली. तिनं थेंब पाहिला. थेंबानं तिलाही दाद दिली नाही. “अगं, जवस या वेळी चांगला असेल.”

“जवस चांगला असला तर थेंब रेंगाळेल, ताई. मुक्काम करणार नाही.”

ताईचा हात पदरातच राहिला. कारण आज दुपारी मॅडम यायच्या होत्या.

मॅडम म्हणजे शहरभर पार्लरं असलेली बाई. एका कंपनीनं तिला ‘शंभर टक्के वनस्पतींचं’ म्हणून जे विकलं होतं, त्यात वनस्पती फक्त चित्रातली निघाली. मॅडमनं ते स्वतःच्या तोंडानं गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती कशावरच विश्वास ठेवत नव्हती, भिंतीवरच्या घड्याळावरसुद्धा. ती स्वतः येणार, स्वतःच्या हातानं टबातून नमुना भरणार आणि तिच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत धाडणार. सोबत एक कागद जायचा होता, ‘यात सिलिकॉन नाही’, आणि खाली फौजदारची सही. सिलिकॉन निघालं तर हा टब काय, पुढचा कुठलाच टब कुणी घेणार नव्हतं. ताईची शेगडी थंड. आणि फौजदार पुन्हा तिथेच, खोट्याच्या खाली सही करणारी.

“कोणीतरी टबात काहीतरी घातलंय,” ती म्हणाली.

“कोणीतरी म्हणजे? इथे आपण तिघंच आहोत.”

“तेच.”

ताईनं तिच्याकडे असं पाहिलं की फौजदारनं यादीतून ताईला खोडलं. पेन्सिलीनं, पण खोडलं.

राहिले भाऊजी.

भाऊजी बाटल्या भरायचे आणि दुकानादुकानांतून विकायचे. गोड बोलायचे, मिळून मिसळून वागायचे, केसांचा भांग कायम पाडलेला. अशा माणसाचा फौजदारला आधीपासूनच संशय होता, फक्त कशाबद्दल ते ठरत नव्हतं. पण हल्ली काही दिवस, हा टब ढवळायला घेतल्यापासून, एक गोष्ट होत होती. दुपारी दोघी बहिणी पुढे जेवायला बसल्या की भाऊजी म्हणायचे, “तुम्ही जेवा, मी जरा सिंक घासून घेतो,” आणि मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचे. ज्या माणसानं लग्न झाल्यापासून स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, तो सिंक घासतो? आणि सिंक घासताना ड्रायरचा आवाज कशाला येतो?

आजही दार लागलं. फौजदारनं घास तोंडात तसाच ठेवला आणि दाराला कान लावला. पाणी. मग फसफस, फसफस. मग ड्रायर. मग भाऊजींचं गुणगुणणं, जे कुठल्याच चालीत नव्हतं.

“जेव की गं,” ताई कुजबुजली.

“फसफस कसली?”

“मला काय माहीत? पुरुषांची फसफस.”

भाऊजी बाहेर आले ते ताजेतवाने. खुंटीला अडकवलेल्या त्यांच्या पिशवीवर त्यांनी हळूच थाप मारली, तिथलं तिथंच आहे ना अशी, आणि जेवायला बसले. ती थाप फौजदारनं पाहिली. पाणी आणायच्या निमित्तानं ती उठली. पिशवीत छत्री, पेपरमिंटच्या गोळ्या आणि एक चपटी बाटली, लेबल नसलेली, वर फवारा. तिनं बोटावर दाबली. फसफस. बोट अंगठ्यावर घासलं. बोट सटकलं. असं सटकलं की दोन्ही बोटं एकमेकांना ओळखत नाहीत असं वाटलं.

सिलिकॉन.

ती बाटली घेऊन ताटापाशी आली आणि मिठाच्या भांड्याशेजारी ठेवली.

“भाऊजी, हे काय?”

भाऊजींचा हात घासासकट हवेत राहिला. “ते माझं खासगी आहे.”

“सिलिकॉन खासगी कसं असेल?”

“माणसाच्या पिशवीत हात घालायची ही काय रीत झाली, मेहुणीबाई?”

“टबात हात घालायची जी रीत तीच. सकाळी बट तपासली. थेंब मुरत नाही. रोज दुपारी दार लावून तुम्ही काय करता?”

“सिंक घासतो.”

“फवाऱ्यानं?”

भाऊजींनी बायकोकडे पाहिलं. ताई त्यांच्याकडेच बघत होती, रागानं नाही, वाट बघितल्यासारखी. त्यांचा हात डोक्याकडे गेला, वाटेत थांबला आणि खाली आला.

“हो,” ते म्हणाले. “मीच घातलं. टबात.”

पुढच्या खोलीतली मोटर घरघरत होती. ताईनं उठून ती बंद केली. फौजदारनं तोंडातला घास एकदाचा गिळला.

“का?” ताईनं विचारलं.

“मॅडमना केस मऊ लागावेत म्हणून.”

“कधी?”

“सकाळी.”

“किती?”

“बेतानं.”

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे, फौजदारनं मनात म्हटलं, आणि केसही आमचेच, बटेत टांगलेले. आपलाच संशय खरा ठरल्यावर माणसाला जरा बरं वाटायला हवं. तिला अजिबात वाटलं नाही. ताई टबापाशी उभी होती, हात झाकणावर, आणि तिचे खांदे असे खाली आले होते की जणू झाकणच तिला धरून आहे.

“ओतून टाकायचं,” ताई म्हणाली.

“कुठे?” भाऊजींनी विचारलं.

हा प्रश्न बरोबर होता. सिंकमध्ये ओतायचं नाही, कारण सिलिकॉन. परसात नाही, कारण गोगलगायी. तिघं टबाभोवती उभे राहिले, न आवडणाऱ्या नातेवाइकाला आता कुणाकडे पाठवायचं असा चेहरा करून.

“मी पिऊन टाकतो,” भाऊजी म्हणाले. “बरंचसं जवसच आहे.”

“तुम्ही गप्प बसा. आणि ती पिंपं आणा,” ताई म्हणाली.

भाऊजी पिंपं आणायला गेले, आणि फौजदार मागच्या खोलीत. तिला हे पचत नव्हतं. टीव्हीचा रिमोट कुणी फोडला हे भाऊजींनी आजतागायत कबूल केलेलं नाही. दिवा कुणी चालू ठेवला, दूध कुणी उतू घालवलं, सगळं त्यांच्या मते आपोआप झालं. आणि हाच माणूस एवढा मोठा गुन्हा जेवताजेवता कबूल करतो? खोटं बोलणाऱ्यावर तिचा संशय होताच. पण इतक्या पटकन खरं बोलणाऱ्यावर तो दुप्पट वाढला.

निदान किती घातलंय ते तरी बघू, म्हणून तिनं पाण्याची बट काढली. पाण्याची बट म्हणजे जिला काहीच लावत नाहीत, फक्त पाणी. माल लावलेली बट किती सुधारली ते हिच्याशी ताडून बघायचं. हिची तपासणी आठवड्याच्या सुरुवातीलाच व्हायची, कारण पाणी काय बदलणार? तिनं नवी, कोरडी, पिंजारलेली बट घेतली, ओली केली, टांगली, कंगवा फिरवला, वाऱ्यावर वाळवली आणि थेंब सोडला.

थेंब बसला. मांडी घालून.

फौजदारनं नळाकडे पाहिलं. मग खिडकीतून टाकीकडे. एक गोगलगाय काचेवरून संथपणे चालली होती, काहीच घडलं नसल्यासारखी. पाण्यात सिलिकॉन? साऱ्या शहराच्या पाण्यात? क्षणभर तिच्या डोळ्यांपुढे सगळं शहर आलं, सगळ्यांचे केस मऊ, आणि जबाबदार कुणीच नाही. मग तिनं स्वतःला आवरलं. तिनं नळाचं पाणी थेट एका कोऱ्या बटेवर सोडलं, कंगवा न लावता. बटेनं ते गटागट पिऊन टाकलं.

म्हणजे टब नाही. नळ नाही. मग दोन्ही बटांना शिवलं काय?

ती वळली. खिळ्याला कंगवा लटकत होता. रुंद दातांचा, काटा लावलेला, हा एकच. कंगवा बदलला की चाचणी बदलली, हा तिचा स्वतःचा नियम. वर तिच्याच हातची चिठ्ठी, ‘याला कुणीही हात लावू नये.’ तिनं ताईवर संशय घेतला होता, भाऊजींवर, जवसावर, गोगलगायींवर, शहराच्या पाणीपुरवठ्यावर. कंगव्यावर नाही. कंगवा तिचा होता.

तिनं तो उजेडात धरला. दातांच्या बुडाशी एक केस अडकलेला. काळा. इथल्या सगळ्या बटा पेंढ्याच्या रंगाच्या. चिमट्यानं तिनं तो ओढून काढला. केस बोटांतून सटकत होता. त्याला मूळ नव्हतं. मुळाच्या जागी एक गाठ होती, मुंगीच्या डोक्याएवढीसुद्धा नाही.

असा केस डोक्यातून उगवत नाही. डोक्यावर बांधला जातो.

ताईचे केस बारीक कापलेले आणि बहुतेक पांढरे. फौजदारचे स्वतःचे मूळ धरून होते. राहिले... तिनं डोळे मिटले. लग्नातले फोटो. सहलीतले फोटो. गेल्या महिन्यातले. तोच भांग, तीच लांबी, तोच काळा. भाऊजी न्हाव्याकडे गेल्याचं तिला एकदाही आठवेना. दुधाची पिशवी हुंगणाऱ्या बाईच्या नाकाखालून, म्हणजे जरा वरून, इतकी वर्षं एक अख्खा केसांचा टोप ये-जा करत होता.

आणि तो माणूस बायकोपुढे लबाड ठरायला तयार होता, टकला ठरायला नाही.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मॅडम. पुढच्या खोलीत पिंप सरकवल्याचा आवाज आला. ताई झाकण उघडत होती. फौजदार केस मुठीत धरून उभी राहिली. तोंड उघडलं तर टब वाचतो आणि भाऊजींचं डोकं उघडं पडतं. नाही उघडलं तर डोकं झाकलेलं राहतं आणि ताईची सगळी मेहनत पिंपात जाते. मग ती धावली.

“ताई, थांब! टब स्वच्छ आहे. कंगवा घाण होता.”

ताईचा हात थांबला. “कंगवा? पण यांनी तर कबूल केलं.”

“ते खोटं बोलले.”

“मी खोटं का बोलेन?” भाऊजी दुखावले.

“कंगवा कुणी वापरला मग?” ताईनं विचारलं.

भाऊजींनी फौजदारच्या मुठीकडे पाहिलं. मुठीतून एक काळं टोक बाहेर आलं होतं. त्यांचा चेहरा इतका पडला की तिनं आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं.

“मी,” ती म्हणाली. “माझ्या केसांना. काहीतरी लावलं होतं मी.”

ताई तिच्याकडे बघत राहिली आणि हसायलाच लागली. “तू? त्या कंगव्यानं? अगं, तुझ्या डोक्यात उवा झाल्या तर तू त्यांनाही चिठ्ठी लिहिशील, याला हात लावू नये म्हणून.”

मग भाऊजींनी दोन्ही हात वर नेले, कानांपाशी काहीतरी चाचपलं, आणि टोप काढून टबाशेजारच्या टेबलावर ठेवला. खालचं डोकं स्वच्छ, गुळगुळीत, आणि बिचारं फार गोरं होतं.

“आळ तिच्यावर नको यायला,” ते ताईला म्हणाले. “माझा कंगवा बारीक दातांचा. केस तुटायचे. तिचा रुंद, म्हणून घेतला. टबात मी काही घातलेलं नाही. आता तुला काय म्हणायचं ते म्हण.”

“खिडकी उघडी आहे,” ताई म्हणाली. “डोक्याला काहीतरी घ्या, सर्दी होईल.”

“तुला... माहीत होतं?”

“लग्नाआधी एकदा बाहेर हवा खात बसलो होतो. वारा इतका होता की माझी ओढणी उडाली, शेजारच्याचा पेपर उडाला. तुमचा एक केस हलला नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलला नाहीत. मी म्हटलं, असेल त्यांचं काहीतरी.”

“आणि मला सांगितलं नाहीस?” फौजदार.

“तुला वाटलं असतं मीच शिवलाय.”

भाऊजी खुर्चीत बसले. “दुकानदार विचारतात, तुम्ही स्वतः वापरता का? मी हो म्हणायचो, आणि मग रात्री डोळा लागायचा नाही. टोपाचे केस खरेच आहेत गं, पण वाळून चिपाड झालेले. यापेक्षा खराब केस कुणाचे असणार? म्हटलं, बघू तरी, आपण विकतो ते खरं आहे का.”

“तुम्हाला आपल्या मालाचा संशय होता?” फौजदारनं विचारलं.

“तुझ्याच घरात राहतो मी. डाव्या बाजूला आपला माल लावायचो, उजव्या बाजूला ती बाटली. तुझीच पद्धत. नुसतं मऊ लागलं म्हणून भागत नाही, ताडून बघायला दुसरं काहीतरी पाहिजे.”

“हे कुणाचं?” दारातून आवाज आला.

मॅडम आत आल्या होत्या, हातात स्वतःच्या बरण्या. टेबलावरच्या टोपाकडे त्या अशा आल्या जसा डॉक्टर न विचारता पेशंटकडे येतो. त्यांनी उजवी बाजू बोटांत धरली, घासली, नाक मुरडलं.

“हे सटकतंय. असल्या केसांना माझ्याकडे रंग धरत नाही, वर मुली मलाच बोल लावतात. हे तुमचं असेल तर मी निघते.” मग त्यांनी डावी बाजू धरली. बराच वेळ धरून राहिल्या. “आणि हे?”

“का?” ताईचा आवाज बारीक झाला.

“हे केसांसारखं लागतंय.”

“डावं आमचं,” भाऊजी म्हणाले. “उजवं बाजारातलं.”

“आणि डोकं?”

“तेही आमचंच.”

मॅडमनी भाऊजींच्या टकलाकडे पाहिलं, टोपाकडे पाहिलं, परत टकलाकडे पाहिलं आणि मान हलवली. त्या दिवसात बहुधा पहिल्यांदाच त्यांना काहीतरी पटलं होतं. तरी म्हणाल्या, “माझ्यासमोर तपासा. नव्या कंगव्यानं.”

फौजदारनं पाकिटातून नवा कंगवा काढला. तोही दोनदा धुतला. पाण्याची बट टांगली; थेंब सोडला, गेला. टबातल्या मालाची बट टांगली. काटा सकाळच्यापेक्षा बराच जास्त हलला, कंगवा दोनदा अडला. थेंब टेकला, रेंगाळला, चपला घालून दारात उभा राहिला, आणि मग हळूहळू आत गेला. तिघांनीही श्वास सोडला.

“चमत्कार नाही हा,” मॅडम म्हणाल्या.

“नाही,” फौजदार म्हणाली. “कंडिशनर आहे.”

मॅडमनी बरण्या भरल्या, झाकणं स्वतः लावली, लावलेली झाकणं परत तपासली. फौजदारनं कागद ओढला, वाचला, पुन्हा वाचला आणि सही केली. सही करताना तिचा हात थांबला नाही. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

गाडी गेल्यावर ताईनं मोटर चालू केली. भाऊजी बाटल्या भरायला बसले, टोप मागच्या दांडीला बटांच्या शेजारी वाळत टांगून.

“काय फौजदार,” ते म्हणाले, “आता तरी विश्वास बसला का माणसावर?”

फौजदारनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. कपाळापासून खाली, सावकाश.

“भाऊजी,” तिनं विचारलं, “दात तुमचेच ना?”

भाऊजींनी तोंड मिटलं आणि बाटल्यांची झाकणं लावू लागले.